मागून येणारी बस

मला पळणाऱ्या माणसांची किळस येते, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. एकट्या माणसाची येत नाही. कोणी एकटा पहाटे तलावाभोवती धावत असला तर मी खिडकीतून त्याच्याकडे कौतुकाने पाहतो आणि पुन्हा पांघरुणात शिरतो. पण हजारो माणसं एकाच वेळी, एकाच दिशेने, एकाच रंगाच्या बनियनी घालून घाम गाळायला लागली की मी खिडकी लावून घेतो.

तशी किळस हा माझा जुना छंद आहे. काही लोक अत्तराचे शौकीन असतात, मी दुर्गंधीचा. आधी नाक दाबायचं आणि मग चार जणांना बसवून तो वास साग्रसंगीत ऐकवायचा, यात मला फार आनंद मिळतो. ऑफिसमध्ये दुपारी डबे उघडले की लोक मला आधी विचारतात, ‘जेवताना सांगण्यासारखं आहे की नंतरचं?’ या हिवाळ्यात मी जे पाहिलं ते सगळं नंतरचंच होतं.

मी पळालो तो बायकोमुळे. आदल्या वर्षी ती नव्या रायपूरच्या मॅरेथॉनमध्ये एकवीस किलोमीटर पळायला गेली होती. पहिले पाच किलोमीटर ती कॉलेजच्या पोरींबरोबर उधळली, दहाव्याला तिचे पाय वळले आणि तेराव्याला तिला बसने गाठलं. ही बस म्हणजे काय ते सांगायला हवं. शर्यतीच्या शेवटी, सगळ्यांच्या मागून, एक बस गोगलगायीच्या चालीने येत असते. साडेतीन तासांत अंतर पुरं करायला जो वेग लागतो, त्याच वेगाने ती चालते. तिने ज्याला गाठलं तो संपला. त्याने मुकाट्याने आत चढायचं, कारण बस पुढे गेली की मागचा रस्ता गाड्यांना मोकळा होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती बस शेवटी थेट मंचासमोर येऊन थांबते. माइकवाला म्हणतो, ‘इनके लिए भी एक बार तालियाँ हो जाएँ.’ लोक टाळ्या वाजवतात. खाली उतरणारी माणसं लग्नात वरात चुकलेल्या पाहुण्यांसारखी दिसतात.

बायको त्या टाळ्यांमधून उतरली. ती रेल्वेच्या ऑफिसात आहे. सोमवारी तिथे एकाने विचारलं, ‘मैडम, खिड़की वाली सीट मिली थी ना?’ ती घरी आली, मेथीची जुडी घेऊन बसली आणि एकेक पान असं तोडलं की मला त्या मेथीची दया आली. नवव्या दिवशी म्हणाली, ‘पुढच्या वर्षी मी त्या बसमध्ये बसत नाही.’ बाकी काही नाही. पदक नको, नंबर नको, फोटो नको. बसच्या पुढे राहायचं, एवढंच.

मग वर्षभर तिने सराव केला. रायपुरातल्या आमच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, गल्ल्या पहाटे तिच्या बुटांनी वाजायच्या. मला त्याचं काही नव्हतं. पण डिसेंबरात एका रात्री जेवताना तिने मला सांगितलं की माझंही नाव घातलं आहे.

‘काहून?’ मी विचारलं.

‘मी सुरुवातीले लय जोरात पयतो. मले कोणीतरी हळू माणूस बाजूले पाह्यजे. बारा किलोमीटरपर्यंत मी तुमच्या पुढे जाणार नाही, मंग तुमाले सोडून देईन.’

‘आणि मी हळू हे कोणी ठरवलं?’

‘तुमच्याइतका हळू माणूस अख्ख्या पाऱ्यात नाही,’ ती म्हणाली आणि मला भात वाढला.

आमची मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. ती म्हणाली, ‘पापा, आप तो ब्रेक हो. इंजन नहीं.’ म्हणजे घरात माझी नेमणूक ब्रेक म्हणून झाली. पन्नाशी ओलांडल्यावर माणसाला काय काय पदं मिळतात पाहा.

सराव मीही केला, पण त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. मोज्यांबद्दल आहे. माझे मोजे तिसऱ्या दिवशी बादलीत उभे राहायला लागले. चौथ्या दिवशी बायकोने ते चिमट्याने उचलले. मला स्वतःच्या पायांचा असा काही वास असेल याची पन्नास वर्षांत कल्पना नव्हती. मी तो वास शेजाऱ्याला वर्णन करून सांगितला तेव्हा त्याने खुर्ची मागे ओढली.

शर्यतीच्या दिवशी आम्ही अंधारातच नव्या रायपूरला पोचलो. जानेवारीचा तो सकाळचा गारठा, दिव्यांभोवती धुकं, आणि ते रुंद रस्ते, ज्यांवरून मी आठवडाभर मंत्रालयात जाताना ऑफिसच्या बसमध्ये झोपतो. त्या रस्त्यांवर एवढी माणसं मी प्रथमच पाहिली. पहिलं दर्शन फिरत्या संडासांचं झालं. निळे, उभे, प्लास्टिकचे, ओळीने वीसेक. पळायच्या आधी भीतीने प्रत्येकाचं पोट साफ होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रांगेत माझ्या पुढचा गृहस्थ आत गेला आणि लगेच बाहेर आला. माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘भैया, मत जाओ. घर जाके करना.’ त्याच्या चेहऱ्यावर युद्धावरून परतलेल्या माणसाचे भाव होते. तरी मी गेलो, कारण मी शौकीन आहे. आत काय होतं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्यानंतर मला डिंकाचे लाडू कायमचे वर्ज्य झाले.

बाहेर मोकळ्या मैदानात माणसं व्हॅसलिन फासत होती. कुठे कुठे फासत होती ते पाहून मी आकाशाकडे पाहिलं. मंचावर दोन मुली नाच शिकवत होत्या आणि व्हॅसलिन लावलेले हात वर करून सगळे त्यांच्यासारखे झुलत होते. बायको मात्र शांत उभी होती. तिने केस दोनदा बांधले, बुटांच्या नाड्या तीनदा. मी काही विनोद केला, तो तिला ऐकूच गेला नाही.

मग सुटलो. पहिल्या किलोमीटरपासून मला कळलं की पळणं ही मुळात थुंकण्याची सामुदायिक क्रिया आहे. कोणी उजवीकडे थुंकतो, कोणी डावीकडे, आणि एक मनुष्य होता जो एक नाकपुडी दाबून दुसरीतून असा नेम धरायचा की मागच्या चौघांना नाचत जावं लागे. पाण्याच्या टेबलापाशी हजारो चुरगळलेले ग्लास, त्यावर केळ्याची साल, त्यावर संत्र्याच्या चोखलेल्या फोडी. डोक्यावर पिळायला ओले स्पंज ठेवले होते. एकाने पिळून टाकलेला स्पंज दुसऱ्याने उचलून तोंड पुसलं, ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. जिथे ओसाड माळ लागला तिथे अभनपूरच्या बाजूने भात उकडणाऱ्या गिरण्यांचा आंबूस वास आला आणि तो माणसांच्या घामात मिसळला. खरं सांगतो, असा वास पुन्हा जुळून यायचा नाही.

‘काय पाहून राहिले? समोर पाहा,’ बायको म्हणायची.

‘तो माणूस चिकट पुडीतलं काहीतरी चाटतोय. आता दाढीला लागलं.’

‘तुमाले दुसरं काही दिसत नाही का?’

‘दुसरं काही नाहीच इथे.’

पण माझं काम मी चोख केलं. ती पुढे सरकली की मी धापा टाकून कण्हायचो आणि ती चाल कमी करायची. सहाव्या किलोमीटरला एक सत्तरीचे आजोबा आमच्या पुढे गेले तेव्हा तिचे दात आवळलेले मला ऐकू आले. तिने स्वतःला आवरलं. बाराव्या किलोमीटरला तिने घड्याळ पाहिलं. बस आमच्या मागे चांगली दहा-बारा मिनिटं होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, पण पाठ ओली लागली म्हणून लगेच काढला, आणि म्हणाली, ‘जातो मी. तुम्ही बसा आरामात बसमध्ये.’

ती गेली. तिची जांभळी बनियन गर्दीत लहान लहान होत गेली. मला एकदम मोकळं वाटलं. माझी नोकरी संपली होती. आता चालायचं, संत्री खायची आणि बस आली की खिडकीजवळ बसायचं. चालताना मी तेरा ते पंधरा किलोमीटरांत तीन केळी खाल्ली आणि मीठ-साखरेचं कसलंसं हिरवं सरबत तीन ग्लास प्यायलो, कारण काही काम नव्हतं.

पंधराव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला मांडव दिसला. झेंडूच्या माळा, टेबलावर नवी चादर, आणि रंगीत साड्यांमध्ये आमच्या मराठी महिला मंडळाच्या पंधरा-वीस बायका. त्यांनी तिथे पाण्याचं टेबल लावायचं ठरवलं होतं, हे मला माहीत होतं. पण संक्रांतीचं हळदीकुंकूही त्याच रविवारी होतं, आणि सगळ्याच जणी इथे येणार म्हटल्यावर अध्यक्ष काकूंनी ते इथेच उरकायचं ठरवलं होतं, हे ना मला माहीत होतं, ना बायकोला. मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर ओटी घेऊन, माझी बायको बसलेली होती.

मी आधी समजलोच नाही. मला वाटलं पाय मुरगळला. जवळ गेलो तर कळलं की तिला मान मिळत होता. पळणाऱ्यांत मंडळाची सदस्य असलेली ती एकटीच, आणि सकाळपासून या बायका तिची वाट पाहत थांबलेल्या. हळद झाली होती, कुंकू झालं होतं, मनगटाला अत्तर, अंगावर गुलाबपाणी, ओटी झाली होती. कुंकू घामाबरोबर कपाळावरून नाकावर आणि नाकावरून हनुवटीवर ओघळलं होतं. तोंडात तिळाचा लाडू होता. एवढं पळाल्यावर तोंडाला जो कोरडा फेस येतो त्यात तीळ आणि गूळ. ती चावत होती आणि गिळता येत नव्हतं, आणि थुंकणं तर शक्यच नव्हतं. मला तिच्यासाठी मळमळलं.

आता बाहेरचा माणूस म्हणेल, उठून का नाही गेली? ज्याने असं विचारलं त्याच्या घरात हळदीकुंकू झालेलं नाही. पुढे केलेल्या करंडापासून मान मागे घेता येत नाही. ते अशुभ, हे झालंच. शिवाय तो अपमान, तोही काकूंचा, ज्यांनी तिच्या बाळंतपणात महिनाभर डबा पोचवला होता. ती दर मिनिटाला उठत होती आणि कोणीतरी खांदा धरून बसवत होतं.

‘कुठी पयते वं,’ काकू म्हणाल्या. ‘वाण तर घे.’

वाण म्हणजे कोथिंबीर ठेवायचा झाकणाचा प्लास्टिकचा डबा. चांगला मोठा. एकवीस किलोमीटर पळणाऱ्या बाईला द्यायला याहून अडचणीची वस्तू सापडणं कठीण.

मग त्यांनी मला पाहिलं आणि माझ्यामुळे सगळं आणखी बिघडलं.

‘जावई आले, जावई आले,’ एक जण म्हणाली. ‘आता नाव घेतल्याशिवाय सोडाची नाही हिले.’

माझ्या हातात कोणीतरी तिळाचे लाडू दिले. मी पाच खाल्ले. नको म्हणणं मला कधी जमलं नाही. बायकोने मात्र माझ्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहत होती. नव्या रायपूरचे रस्ते इतके सरळ आहेत की मैलभर लांबचं वाहन दिसतं. मी वळून पाहिलं. धुक्यातून पिवळे दिवे लावलेली बस सावकाश येत होती.

बायकोने लाडू गिळला. तो घशातून उतरताना मला दिसला. ती उभी राहिली, डबा काखेत मारला आणि एका दमात म्हणाली,

‘डांबरी रस्त्यावर मांडला हळदीकुंकवाचा थाट,’ आणि मग माझं नाव, जे इथे लिहीत नाही, ‘...रावांचं नाव घेते, सोडा आता माझी वाट.’

बायका हसल्या, टाळ्या वाजल्या, आणि त्या गडबडीत ती निसटली. डबा काखेत, ओटीतले तांदूळ मागे सांडत, लाल तोंडाने ती सुटली. तिची चाल मला दिसत होती. खुर्चीत बसून तिचे पाय आखडले होते. अजून सहा किलोमीटर बाकी होते आणि बस मांडवाच्या अगदी जवळ आली होती.

मी तिच्या मागे वीस पावलं पळालो आणि थांबलो. बस माझ्याजवळ आली. दार उघडलं. आत दहा-बारा माणसं ब्लँकेटं पांघरून बसली होती. आतून जो वास आला त्यात वेदनाशामक स्प्रे होता, ओले मोजे होते, चोळलेला बाम होता, आणि कोणाच्या तरी पिशवीत उघडलेलं उकडलेलं अंडं होतं.

‘चघव न भैया, धीरे-धीरे,’ चालक छत्तीसगढीत म्हणाला. चढा म्हणजे.

मी धीरे-धीरेच चढलो. तो सांगेल त्याहून धीरे. आधी नाडी सुटली होती ती बांधली. मग दारात बसलेल्या मुलीला नोंदीसाठी माझा छातीवरचा नंबर हवा होता आणि तो मी स्वेटरच्या आत लावला होता. मी स्वेटर काढायला लागलो. डोकं गळ्यात अडकलं. आतून मी मुलीला विचारलं, ‘दीदी, यहाँ ऊपर वाला बटन दिख रहा है क्या?’ स्वेटरला बटणं नव्हतीच. बस थांबून राहिली होती आणि मला प्रत्येक मिनिटाचं सुख होत होतं.

पण खोटेपणाला मर्यादा असते. स्वेटर निघाला, नंबर मिळाला, आता बस सुटणार. मी शेवटच्या पायरीवर होतो आणि तो वास माझ्या सबंध तोंडावर आला. पोटात तीन केळी, पाच लाडू आणि ते हिरवं सरबत होतं. उबळ वर आली. उलटी माणसाला मुद्दाम आणता येत नाही, हे मी कोणत्याही देवापुढे सांगेन. पण कधी कधी ती दाबता येते. मी दाबली नाही.

पायऱ्यांवर, दारावर, थोडी त्या मुलीच्या वहीवर. हिरवी होती, त्यात तीळ. आत बसलेल्या माणसांनी एकसुरात ‘छी’ म्हटलं. मी आयुष्यभर लोकांबद्दल जो शब्द वापरला तो पहिल्यांदा असा कोरसमध्ये माझ्या वाट्याला आला. एका बाईने ब्लँकेट डोक्यावरून घेतलं. मागच्या सीटवरचा एक जण म्हणाला, ‘अंकल, घर में बैठते ना.’

चालक खाली उतरला, पाहिलं, आणि शांतपणे म्हणाला, ‘बिना धोए गाड़ी नइ जाय.’ त्याला ती बस संध्याकाळी एका शाळेत परत करायची होती.

मग मंडळाच्या बायका आल्या. पाण्याचे माठ, केरसुण्या, कोणी मांडवातला झेंडूसुद्धा आणला. हळदीकुंकवाची अर्धी सभा बसभोवती जमली. एक म्हणाली आवळा चोखायला द्या, दुसरी म्हणाली नाही, सुंठ. काकूंनी मला रस्त्याच्या कडेला उकिडवं बसवून डोक्यावर पाणी ओतलं. ‘आमच्या लाडवानं झालं का?’ त्यांनी हळूच विचारलं. मी नाही म्हणालो. त्या काळजीत पडल्या होत्या, मंडळाचं नाव जाईल म्हणून. या सगळ्यात चांगली दहा मिनिटं गेली. बसच्या तोंडाशी आलेले चार-पाच लंगडे त्या वेळात लांब निघून गेले. जाताना त्यांनी मला हात केले.

बस निघाली. माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. पुढचे सहा किलोमीटर मी खिडकीतून पाठमोऱ्या बायका पाहत होतो. शर्यतीच्या बनियनी सगळ्यांच्याच जांभळ्या. अठराव्याला एक जांभळी पाठ पाय ओढत चालत होती. बस तिच्याजवळ थांबली. वहीवाली मुलगी हात द्यायला उतरली. ती बाई वळली. रडत होती. ती दुसरीच कोणीतरी होती आणि मला इतका आनंद झाला की मला स्वतःचीच शिसारी आली. ती चढली तेव्हा मी तिला माझं ब्लँकेट दिलं. तिने वास घेतला आणि परत केलं.

विसाव्या किलोमीटरपर्यंत बायको कुठेच नव्हती. शेवटच्या वळणावरही नव्हती. बस मंचासमोर थांबली, माइकवाल्याने टाळ्या मागितल्या, आणि मी हिरव्या छातीनिशी खाली उतरलो. गर्दीत आमची मुलगी दिसली. ती पळत आली आणि दोन हातांवर थांबली.

‘पापा, ये क्या है आपके ऊपर?’

‘मम्मी कुठे आहे?’

‘डॉक्टरों के पास. उनको लगा खून है. तीन लोग पकड़ के लिटा रहे थे, वो बोल रही है कुंकू है, कोई मान ही नहीं रहा.’

औषधाच्या तंबूत बायको स्ट्रेचरवर बसली होती. गळ्यात पदक, मांडीवर कोथिंबिरीचा डबा, कपाळाला गुंडाळलेली पट्टी. एक डॉक्टर तिच्या डोक्यावरची जखम शोधत होता. मला पाहून तिने तोंड फिरवलं आणि हसू लपवलं. मग माझा वास तिच्यापर्यंत पोचला. ‘पहिले आंघोळ करा,’ ती म्हणाली.

बसचं काय झालं ते मला सांगायची गरज पडली नाही, कारण संध्याकाळी काकूंचा फोन आला. बायको बराच वेळ ऐकत होती. फोन ठेवून ती माझ्यासमोर येऊन बसली.

‘तुम्ही बस अडवली?’

‘ओकलो. बस आपोआप अडली.’

‘मुद्दाम?’

‘थोडं मुद्दाम.’

तिने मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि माझ्या डोळ्यांसमोर धरलं. तिची शर्यतीची वेळ जाहीर झाली होती. तीन तास सव्वीस मिनिटं.

‘वाचा,’ ती म्हणाली. ‘साडेतीनच्या आत आहे. बस टायमावर आली असती तरी माह्या मागंच राह्यली असती. तुमच्या ओकण्याचं काही कामच नव्हतं.’

मी पुन्हा आकडा पाहिला. बरोबर होतं. चार मिनिटं, हळदीकुंकवासकट. मी म्हणालो की हो, माझी चूक झाली.

ती उठून आत गेली आणि तिने लगेच काकूंना उलट फोन लावला. ती त्यांना तेच समजावून सांगत होती, की मी पोचले ते माझ्या पायांनी, यांच्या पोटामुळे नाही. ती बोलता बोलता मध्येच थांबायची, हसू आवरायची, आणि ओकण्याचा भाग मी सांगितला असता त्यापेक्षा पुष्कळ चांगला रंगवून सांगायची.